अक्कांची गोळी आणि शहरातले आठ दिवस

मी फर्दापूरच्या एका लॉजवर चादरी धुते. लेणी बघायला लांबून लांबून लोक येतात, एक मुक्काम करतात आणि जातात. त्यांच्या चादरी धुता धुता चौदा वर्षं झाली, पण मी स्वतः अजिंठ्याचा घाट चढून कधी वर गेले नव्हते. शहर बघायची हौस होती. आषाढ पौर्णिमेनंतर सातव्या दिवशी ती पुरी झाली. तशी पुरी व्हायला नको होती.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. मोठे दीर वारले तेव्हापासून त्यांना झोप लागेना. तालुक्याच्या एका डॉक्टरनं पंधरा दिवसांसाठी गोळी लिहून दिली. ती चिठ्ठी जुनी झाली, फाटली, पण मेडिकलवाला ओळखीचा झाला होता. त्या पंधरा दिवसांची नऊ वर्षं झाली. हे घरात मला एकटीलाच ठाऊक होतं. त्यांचा मुलगा मिलिंद तेव्हा पुण्यात शिकत होता. "पोराला कळलं तर म्हणंल, मायचं डोकं फिरलं," म्हणून अक्कांनी लपवलं.

यंदा वर्षावासाचे, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासूनचे पावसाळ्याचे, तीन महिने आठ शीलं पाळायचं अक्कांनी मनावर घेतलं. पांढरं लुगडं, दुपारनंतर जेवण नाही. विहारात ग्रंथ वाचायचं काम माझ्याकडं असतं. मी चौथी शिकलेली, आमच्या बायांत तेवढंही पुष्कळ. पौर्णिमेला पाचव्या शीलाचा अर्थ मी वाचला, की नशा आणणाऱ्या वस्तूंपासून दूर राहीन. घरी आल्यावर अक्का म्हणाल्या, "सुमन, ही गोळी घेतली की मला गुंगी येती. मग ही बी नशाच की गं?"

मी म्हटलं, "असंल."

त्यांनी पाकीट चुलीत टाकलं. "कुणाला बोलायचं नाय बरं का. शील दाखवायचं नसतं."

मी बरं म्हटलं. तिसऱ्या दिवशी त्यांचे हात थरथरू लागले. भांडं वाजलं तरी दचकत, उजेड सोसत नव्हता, अंगावर मुंग्या चालतात म्हणत. मला वाटलं, मन आवरताना असं होत असेल. सातव्या दिवशी सकाळी भाकरी थापता थापता त्या आडव्या झाल्या आणि त्यांना आकडी आली.

घाट

ॲम्ब्युलन्स आली. माझे मालक जनावरांपाशी थांबले, मी अक्कांबरोबर बसले. सुई दिल्यावर त्या शांत झोपल्या होत्या. अजिंठ्याचा घाट मी लहानपणापासून खालून बघते. वरून तो वेगळाच दिसतो. सगळं हिरवं, पाणी कड्यावरून खाली सुटलेलं, आणि आमचं फर्दापूर बघता बघता काडेपेटीएवढं झालं. हे अक्कांना दाखवावं असं मनात आलं आणि मग माझी मलाच शरम वाटली.

वर अजिंठा गावाच्या पुढं रान सपाट होतं. मक्याची आणि कपाशीची शेतं दोन्ही बाजूंनी पळत होती. सिल्लोड गेलं, फुलंब्री गेली. चौक्याचा घाट उतरताना शहर दिसलं. मला वाटलं होतं शहर म्हणजे उंच उंच इमारती. दिसला तो धूर, पाण्याच्या टाक्या आणि मधूनच एखादा जुना घुमट. शहरात शिरताना एक मोठा दगडी दरवाजा लागतो. अजूनही माणसं त्याच्याखालून जातात, रिक्षा आणि उसाच्या गाड्यासुद्धा. आमच्याकडं जुनं काही असलं की त्याला तिकीट असतं. इथं लोक त्याच्या आडोशाला केळी विकतात.

दवाखाना

मिलिंद दाराशीच उभा होता. तो वाळूजला कंपनीत आहे आणि छावणीत एका खोलीत राहतो. कंपनीच्या कपड्यातच आला होता.

एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या, हातात कागद. "आजींना आधी कधी झटका आला होता? डोक्याला मार? ताप? काही औषधं चालू आहेत?"

"बीपीची गोळी, बाकी काय नाय," मिलिंद म्हणाला आणि माझ्याकडं वळला. "काकू, अजून काही?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

ती मान मीच हलवली. कुणी जोर केला नव्हता. अनोळखी माणसापुढं माझा आवाज निघत नाही हे खरं, पण तेव्हा आवाज काढायची गरजही नव्हती. मान उभी हलवली असती तरी पुरलं असतं. शब्द दिलाय, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आणि त्याच्याही खाली एक भीती होती, की मी "असंल" म्हटलं होतं हे मिलिंदला कळेल.

डोक्याचा फोटो काढला. त्यात काही निघालं नाही. सुईचा अंमल होता तोवर अक्का निवांत पडून राहिल्या. संध्याकाळी तो उतरला तशा त्या चादर चिमटीत धरून ओढू लागल्या, दिरांना हाका मारू लागल्या. "अहो, बैल सोडा की! उन्हात हायेत!" दिरांना जाऊन नऊ वर्षं झाली, बैलांना बारा. नळ्या उपसू नयेत म्हणून नर्सबाईंनी त्यांची मनगटं पट्टीनं कॉटला बांधली.

दुसऱ्या दिवशी मी पाणी आणायला खाली गेले. लिफ्टची भीती, म्हणून जिन्यानं. परत येताना एक मजला चुकला. सगळे वॉर्ड सारखेच, सगळ्या कॉटांवर हिरव्या चादरी. अक्कांची जागा म्हणून मी एका कॉटशी बसले आणि त्या बाईच्या पायावरून हात फिरवू लागले. बाई म्हणाली, "दाब गं दाब, लई बरं वाटतंय. तू कोणाची?" मी वर बघितलं तर भलतीच म्हातारी! तरी चार घटका पाय दाबले. मधूनच उठून जाणं मला जमलं नाही.

आमच्या गावात माणूस आजारी पडलं की गल्ली घरात येऊन बसते. कुणी पेज आणतं, कुणी नुसतं रडतं. इथं एका पेशंटला एकच पास. पासवाले सगळे एकमेकांना अनोळखी. पण जेवायच्या वेळी व्हरांड्यात जो तो आपला डबा उघडतो आणि शेजारच्यापुढं सरकवतो. नाव, गाव, जात मागाहून विचारतात, किंवा विचारतही नाहीत.

आमच्या शेजारच्या कॉटवर नजमाबींची आई होती. नजमाबी माझ्याच वयाच्या, शहागंजच्या. त्यांना बोलायला फार आवडतं आणि मला बोलता येत नाही, म्हणून आमचं चांगलं जमलं.

"बाजी, दो दिन से तुम नहाए नहीं, खाए नहीं," त्या म्हणाल्या. "हमारे घर चलो. तुम्हारा मिलिंद बैठता यहाँ."

मी नको म्हटलं.

"नको-बिको नक्को. बास मारती तुम. अम्मी को भी आ रही, शरम में बोलती नहीं."

त्यांची आई कॉटवरून हसली. मी उठले.

शहागंज

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही रिक्षानं शहागंजला गेलो. मधोमध घड्याळाचा मनोरा आहे आणि चारी बाजूंनी बाजार. बांगड्या, प्लास्टिकचे टब, टोप्या, खजूर, कोंबड्यांचे पिंजरे. रस्ता ओलांडायला मला नजमाबींनी दंडाला धरून नेलं, जसं मी वासराला नेते. मराठी, हिंदी, त्यांची दखनी, सगळं एकाच वाक्यात चालतं. एक भाजीवाला गिऱ्हाईकाला म्हणत होता, "मावशी, लेना है तो लो, नाहीतर सोडा, भेंडी को दाबो मत."

त्यांच्या मालकांचं अत्तराचं दुकान आहे आणि घर वरती. दुकानात पाऊल टाकताच मला ठसका लागला. गुलाब, चंदन, केवडा, आणखी काय काय, सगळे वास एकदम अंगावर आले. डोळ्यांत पाणी आलं.

नजमाबींचे मालक हसले. "आपको बहुत लगता. मेरेकू कुछ भी नहीं आता."

"म्हणजे?" मी विचारलं. परक्या पुरुषाला मी प्रश्न विचारला हे मला नंतर लक्षात आलं.

"बीस साल से इसमें बैठा हूँ. नाक ने सूँघना छोड़ दिया. हज को गया था, चालीस दिन. लौटके शटर खोला तो चक्कर आया. उस दिन मालूम पड़ा, अपनी दुकान कैसी महकती!"

"ये तो मेरी बिर्याणी भी नहीं सूँघते," नजमाबी म्हणाल्या. "जली तो भी अच्छी बोलते."

वर त्यांनी मला पाणी काढून दिलं, लुगडं दिलं, मग जेवायला बसवलं. हळदीचा हात फिरवलेला पिवळा जाड नान आणि खलिया, म्हणजे मटणाचा पातळ रस्सा. मी वर्षावासात मटण खात नाही. ते सांगताना जीव थोडा थोडा झाला. नजमाबींनी काही विचारलं नाही. रस्सा बाजूला ठेवला आणि वांग्याचं कालवण वाढलं. "पहिले बोलना था ना बाजी. मन में रखे तो मेरेकू कैसा मालूम होना?"

त्या वांग्याबद्दल बोलत होत्या. माझा घास मात्र तोंडातच राहिला.

कागद

परत आलो तेव्हा अक्कांच्या कॉटभोवती पडदा होता. आम्ही नसताना दुसरी आकडी येऊन गेली होती. पडद्याबाहेर मिलिंद एका कागदावर सही करत होता. डॉक्टरीणबाई त्याला सांगत होत्या, "फोटोत काही नाही, रक्तात काही नाही. मेंदूला सूज आहे का, ते बघायला पाठीच्या मणक्यातून थोडं पाणी काढावं लागेल."

पडद्याच्या फटीतून अक्कांचा हात दिसत होता. पट्टीखाली मनगट लाल झालं होतं.

"थांबा," मी म्हटलं.

कुणाला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हटलं. मग मिलिंदच्या हातातला पेन धरला.

"अक्का झोपेची गोळी घेत व्हत्या. नऊ वर्षं. पौर्णिमेला एकदम टाकली. मला ठावं व्हतं."

मिलिंद माझ्याकडं बघत राहिला. "काकू, तुमाला परवा विचारलं व्हतं की."

"व्हय."

"माझ्या तोंडावर नाय म्हणल्या तुमी."

"व्हय."

त्यानं कागद डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला.

डॉक्टरीणबाई रागावतील असं मला वाटलं. त्या स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या. कोणती गोळी, कसली, किती, पाकिटाचा रंग कोणता, सगळं विचारलं. मी मेडिकलवाल्याचं नाव सांगितलं. मिलिंदनं फोन लावून गोळीचं नाव मिळवलं. त्या पटकन उठून मोठ्या डॉक्टरांकडं गेल्या, परत आल्या, पाणी काढायचं थांबवलं आणि नर्सबाईंना औषध सांगितलं.

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. "सुई दिली की बरं वाटायचं, उतरली की परत. सुईतलं औषध त्या गोळीच्याच जातीचं."

मी विचारलं, "पण गोळी सोडल्यावर तर माणूस सुधारायला पायजे. नशा गेली की."

त्यांनी हातातला पेन खिशात ठेवला. "मावशी, आपल्या मेंदूत पेशी असतात. बारीक, डोळ्यांना न दिसणाऱ्या. एक पेशी दुसरीला निरोप पाठवते. तो घ्यायला दुसरीच्या अंगावर दारं असतात. काही निरोप असतात 'उठ, पळ' असे आणि काही 'थांब, शांत हो' असे. ही गोळी 'शांत हो' हा निरोप मोठा करते. एक दिवस, दोन दिवस ठीक. पण रोजच मोठ्यानं यायला लागला तर पेशी काय करते? ती आपली दारं बदलते. काही आत ओढून घेते, काही अर्धी लावते. 'उठ, पळ'ची दारं वाढवते. तोल राखायला."

"ती आपणहून करती?"

"आपणहून. आजींना त्यातलं काही कळलं नसणार. आणि नऊ वर्षांनी गोळी एकदम बंद झाली. आता 'शांत हो' पहिल्यासारखाच साधा, हळू येतोय, पण तो घ्यायला दारं कुठं आहेत? 'उठ, पळ' मात्र सगळीकडून. म्हणून थरथर, म्हणून आवाज सोसेना, म्हणून आकडी."

मी म्हटलं, "अत्तरवाल्याच्या नाकासारखं."

"कसं?"

मी शहागंजचं सांगितलं. त्या हसल्या. "अगदी तसंच नाही, पण जवळचं आहे. मी परीक्षेत एवढं सोपं लिहिलं नव्हतं."

"ती दारं परत येतात का?"

"येतात. पण पेशीला ती घडवून पुन्हा बाहेर लावायला वेळ लागतो. म्हणून आता गोळी परत सुरू करायची आणि अगदी थोडी थोडी कमी करत जायची. महिने लागतील. कदाचित वर्ष."

"तुम्ही बघितली का ती दारं?"

"नाही मावशी. मीही पुस्तकातच शिकले."

छावणी

चौथ्या दिवसापासून अक्का निवांत झोपू लागल्या. पट्ट्या सोडल्या. मी दुपारचे दोन-तीन तास मिलिंदच्या खोलीवर जाऊन स्वयंपाक करू लागले. छावणी शहराचाच भाग, पण वेगळी वाटते. रुंद रस्ते, मोठाली झाडं, भिंतींना चुना, सकाळी कुठूनतरी बिगुलाचा आवाज. बाजारात ताजा पाव मिळतो. शेजाऱ्यांची दारं दिवसभर बंद असतात. तीन दिवस मी जिन्यात एका बाईला ओलांडून गेले, चौथ्या दिवशी ती म्हणाली, "तुमच्या पेशंटला कसंय?" म्हणजे तिला सगळं माहीत होतं. शहरात दार बंद असलं तरी कान उघडे असतात.

मिलिंद माझ्याशी कामापुरतं बोलत होता. मीठ कुठं आहे, गॅस कसा पेटवायचा. त्याचा राग मी आपला मानून घेतला.

सहाव्या दिवशी अक्का नीट भानावर आल्या. पहिलं वाक्य, "माझं लुगडं कुणी बदललं?" दुसरं, नर्सबाईंच्या हातातली गोळी बघून, "ती नको. मी शील घेतलंय."

डॉक्टरीणबाईंनी त्यांना समजावलं. दारं, निरोप, सगळं. अक्का ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "माझं शील मोडून मला वाचवलं व्हय?"

"आजी, ही आता नशेसाठी नाही. सोडण्यासाठीच घ्यायची आहे. पण हळूहळू."

"तुमाला कुणी सांगितलं, मी घेत व्हते म्हणून?"

डॉक्टरीणबाई माझ्याकडं बघू लागल्या. "मी सांगितलं, अक्का," मी म्हटलं.

त्यांनी गोळी घेतली, पाणी प्यायल्या आणि भिंतीकडं तोंड करून पडल्या. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. नजमाबी आईला घेऊन घरी निघताना मला एक छोटी अत्तराची कुपी देऊन गेल्या. ती हातात धरून मी रडले. अक्कांनी ते बघितलं, पण बघितलं नाही असं केलं.

परत

आठव्या दिवशी मिलिंदनं आम्हाला गाडीत बसवून दिलं. खिडकीतून हात आत घालून माझ्या मांडीवर औषधाची पिशवी ठेवली. "काकू, चिठ्ठीवर लिहिलंय तसंच. आन् काय बी झालं तरी मला सांगायचं. काय बी." मी हो म्हटलं.

अजिंठ्याच्या अलीकडं अक्का बोलल्या. खिडकीकडं बघतच.

"किती दिवस?"

"काय, अक्का?"

"माझे हात बांधल्याले व्हते म्हणं. किती दिवस?"

"दोन."

"आन् तू तिथंच बसल्याली."

"तुमीच म्हणल्या व्हत्या, कुणाला बोलायचं नाय."

"मी म्हणले व्हते!" त्या माझ्याकडं वळल्या. डोळे भरलेले होते. "मी तर गोळी बी चुलीत टाकली व्हती. माझं समदंच ऐकायचं असतं का? मी मरत व्हते, सुमन. आन् तू माझा शब्द पाळत बसली."

मला वाटत होतं, मी सांगितलं म्हणून त्या रुसल्या. त्यांचा राग उलटा होता. गाडी घाट उतरू लागली. थोड्या वेळानं त्यांनी पिशवीतून चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. "वाच. किती कमी करायची?"

"पंधरा दिवस आहे तेवढीच. मग पाव कमी."

"पाव म्हणजे कितीशी?"

मी नखावर दाखवली. त्या म्हणाल्या, "एवढ्या बारक्या तुकड्यानं काय व्हणार?" आणि मग त्यांनाच आठवलं, एकदम सोडल्यावर काय झालं होतं ते.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी रविवार होता. अक्का म्हणाल्या, "विहारात तू सांग समदं. मला लाज वाटती."

"मला बी वाटती."

"मग दोघी गप बसू."

मी विहारात उभी राहिले. पंचशील झाल्यावर, ग्रंथ उघडायच्या आधी. चार वाक्यं बोलले. झोपेची गोळी बरेच दिवस घेतलेली असली तर एकदम टाकू नका. अक्कांना काय झालं ते. माझं काय चुकलं ते. आधी डॉक्टरला विचारा. आणि खाली बसून ग्रंथ उघडला.

वाचन संपल्यावर बाया गेल्या. तीन मागं राहिल्या. त्यांतल्या दोघींनी कमरेच्या पिशवीतून पाकिटं काढून दाखवली. तिसरीकडं पाकीट नव्हतं. तिनं परवाच ते नदीत टाकलं होतं. पाचव्या शीलाच्या माझ्या वाचनावरूनच. मी तिचे हात हातात घेतले. ते थरथरत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं मी तिला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर खुर्चीवर बसायच्या आत मी सगळं सांगून मोकळी झाले.